ईसीजीत ‘क्यूटी’ वाढला, म्हणून मनाची गोळी थांबवावी का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा असून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. तीन औषधे बदलून झाल्यावर क्वेटियापीनने तो सावरला आणि गेली तीन वर्षे नियमित कामावर जातो आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी गेल्या आठवड्यात ईसीजी काढला, तेव्हा यंत्राने त्यावर ‘क्यूटीसी ४७६, प्रोलाँग्ड’ असे छापले. त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता, खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन चालू होते आणि उलट्यांसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिले होते. ‘या गोळ्यांनी हृदय बंद पडते’ असे नातेवाइकांनी सांगितल्यापासून दोन दिवस त्याने गोळी घेतलेली नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र छापून येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून गोळीला पडलेल्या खंडाबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करावा, असे तुम्हाला वेगळे कळवले होते. इतर वाचकांसाठीही ते येथे सांगतो. आपल्या मनाने थांबवलेली गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरील दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर ४८ तासांहून अधिक खंड पडला, तर १२.५ मिलिग्रॅमच्या अगदी लहान मात्रेपासून नव्याने चढत जावे लागते.

आता त्या ४७६ या आकड्याकडे वळू. प्रत्येक ठोक्याच्या वेळी हृदयाचे खालचे कप्पे विजेने उद्दीपित होतात आणि पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होतात. या सगळ्याला लागणारा वेळ म्हणजे ईसीजीवरील क्यूटी अंतर. पूर्ववत होण्यासाठी पेशीतून पोटॅशियम बाहेर पडावे लागते. अनेक मनोविकारविरोधी औषधे पोटॅशियमच्या या वाटांपैकी एक वाट काही प्रमाणात अडवतात, त्यामुळे हे अंतर लांबते. ते फार लांबले तर एखादा अवेळी ठोका मध्येच घुसून ‘तोर्साद द प्वांत’ नावाची घातक लय सुरू करू शकतो. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ देसर्तेन यांनी १९६६ साली तिचे वर्णन केले. ईसीजीवरची रेघ पीळ घातल्यासारखी दिसते, म्हणून हे नाव पडले. ही लय बहुधा काही सेकंदांत आपोआप थांबते आणि रुग्णाला नुसती भोवळ येते. पण ती थांबली नाही, तर मृत्यू येऊ शकतो.

हे अंतर नाडीच्या वेगाप्रमाणे बदलत असल्याने ते मिनिटाला ६० ठोक्यांच्या हिशेबात बसवून घेतात आणि त्या दुरुस्त आकड्याला क्यूटीसी म्हणतात. तुम्ही पाठवलेल्या ईसीजीच्या प्रतीवर नाडी १०५ आणि प्रत्यक्ष मोजलेले क्यूटी ३६० मिलिसेकंद आहे. यंत्राने १९२० सालचे बॅझेट यांचे सूत्र वापरले आहे. बहुतेक यंत्रे तेच वापरतात आणि वेगवान नाडीत ते आकडा फुगवते, हे जुने गाऱ्हाणे आहे. त्याच साली फ्रिडेरिशिया यांनी दिलेल्या सूत्राने तुमच्या भावाचा हिशेब केला, तर उत्तर ४३४ मिलिसेकंद येते, म्हणजे पुरुषांसाठी मानल्या जाणाऱ्या ४५० च्या मर्यादेच्या आत. क्वेटियापीन आणि क्लोझापीन यांसारख्या औषधांनी मुळातच नाडी वाढते, शिवाय तुमच्या भावाला ताप होता. अशा रुग्णांच्या बाबतीत यंत्राने छापलेल्या शब्दावर विसंबून निर्णय घेण्याची घाई वैद्यकीय वर्तुळातही होते, हे खेदाने नमूद करावे लागते. यंत्राने मोजलेले अंतर डॉक्टरांनी स्वतः रेघेवर पुन्हा मोजून घेणे आवश्यक आहे.

म्हणून चिंतेचे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली खरी दखल घेण्याजोगी गोष्ट आकडा नसून त्या आठवड्यात एकत्र आलेल्या बाबी आहेत. क्वेटियापीन, अझिथ्रोमायसिन आणि ऑन्डान्सेट्रॉन ही तिन्ही औषधे क्यूटी लांबवू शकतात, आणि उलट्यांमुळे शरीरातले पोटॅशियम व मॅग्नेशियम उतरते, जे नेमके हृदयाला पूर्ववत होण्यासाठी हवे असते. क्यूटीच्या बाबतीत एकटे औषध क्वचितच घात करते. वय, स्त्री असणे, मंद नाडी, हृदयाची जुनी दुर्बलता, यकृताचा आजार, क्षारांची कमतरता आणि दुसरे औषध यांची बेरीज घात करते. खोकल्याच्या आणि उलटीच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना क्वेटियापीनची माहिती होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझा अनुभव असा आहे की मनोविकाराची गोळी इतर डॉक्टरांपासून लपवली जाते, आणि त्यामागे केवळ संकोच असतो. तो संकोच समजण्यासारखा असला, तरी त्याची किंमत अशा आठवड्यात मोजावी लागू शकते.

पुढे असे करावे. ताप उतरल्यावर आणि ती दोन औषधे संपून काही दिवस गेल्यावर ईसीजी पुन्हा काढावा, त्याच वेळी रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम तपासावे, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सर्व गोळ्यांची यादी आधीच द्यावी, कारण शस्त्रक्रियेनंतर उलटी थांबवण्यासाठी त्यांच्याकडे एकाहून अधिक पर्याय असतात. आकडा ५०० च्या वर गेला, किंवा औषधापूर्वीच्या ईसीजीपेक्षा ६० मिलिसेकंदांहून अधिक वाढला, तर मात्र मात्रा उतरवणे किंवा औषध बदलणे याचा विचार मानसोपचारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करायचा असतो. बदलायला जागाही आहे : अरिपिप्राझोल आणि लुरासिडोन यांचा क्यूटीवरील परिणाम नगण्य मानला जातो, तर झिप्रासिडोन आणि पिमोझाइड ही त्या बाबतीत अधिक जपून वापरण्याची औषधे आहेत. थायोरिडाझीन हे एके काळी सर्रास लिहिले जाणारे औषध याच कारणाने मागे पडले. अमेरिकेत २००० साली त्यावर कडक इशारा आला आणि मूळ उत्पादकाने २००५ साली ते बाजारातून काढून घेतले. पण तीन औषधे निष्फळ ठरल्यानंतर चौथ्याने सावरलेल्या माणसाला पाचव्याकडे ढकलण्यापूर्वी बाकीची बेरीज कमी करता येते का, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

तुमच्या नातेवाइकांनी वाचलेले सगळेच खोटे नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नोंदींवरून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जुन्या आणि नव्या दोन्ही पिढ्यांतील मनोविकारविरोधी औषधे घेणाऱ्यांमध्ये अचानक हृदय थांबून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले, आणि मात्रेबरोबर ते वाढत होते. मात्र मूळचे प्रमाणच लहान असल्याने दुप्पट होऊनही ते लहान राहते. त्याच वर्षी फिनलंडमधील अकरा वर्षांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांनी ही औषधे दीर्घकाळ घेतली त्यांच्यात एकूण मृत्यू औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. पहिला निष्काळजीपणा करू नका असे सांगतो आणि दुसरा गोळी फेकून देऊ नका असे सांगतो.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६६ असून नैराश्यासाठी ती आठ वर्षे सिटालोप्रामची ४० मिलिग्रॅमची गोळी घेत होती आणि उत्तम होती. नव्या डॉक्टरांनी ती एकदम अयोग्य ठरवून २० वर आणायला सांगितले. तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल चालू आहे. आठ वर्षे चालले, ते आता का चालू नये?

उत्तर : आठ वर्षांत गोळी तीच राहिली असली, तरी तुमच्या आई त्याच राहिलेल्या नाहीत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ साली सिटालोप्रामची कमाल मात्रा ४० मिलिग्रॅमवर आणली आणि २०१२ साली साठीपुढील व्यक्तींसाठी ती २० ठरवली, कारण या औषधाने क्यूटी मात्रेच्या प्रमाणात वाढतो आणि वाढत्या वयात तेवढ्याच गोळीने रक्तातले प्रमाण जास्त होते. ओमेप्राझोल हे सिटालोप्रामचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकराचे (एन्झाइमचे) काम मंदावते, त्यामुळे ते प्रमाण आणखी चढते. आणि लघवी वाढवणाऱ्या अनेक गोळ्यांमुळे पोटॅशियम निघून जाते. तेव्हा नव्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. त्यांनी तो समजावून सांगायला हवा होता, एवढीच तक्रार मी तुमच्या बाजूने मान्य करतो.

मात्रा एका दिवसात निम्मी न करता डॉक्टर सांगतील त्या टप्प्यांनी उतरवावी, अन्यथा चक्कर, चिडचिड आणि झोपमोड होते आणि घरच्यांना नैराश्यच परतल्यासारखे वाटते. कमी मात्रेवर मन खरोखरच पुन्हा खचू लागले, तर सर्ट्रालीन हा पर्याय विचारून पाहावा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्येही ते तपासले गेलेले आहे. अमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावरील जुनी ‘ट्रायसायक्लिक’ गटातली औषधे मात्र हृदयाच्या विद्युतवहनावर वेगळ्याच मार्गाने परिणाम करतात, म्हणून झोपेसाठी म्हणून कोणी ती सहज सुचवली, तर आईंच्या बाबतीत आधी ईसीजी पाहावा.

प्रश्न : मी लिथियम आणि रिस्पेरिडोन ही मनोविकारावरील औषधे घेतो. माझ्या मनगटी घड्याळात ईसीजीची सोय आहे. वेगळी तपासणी करण्याची आवश्यकता आहे का?

उत्तर : आहे. घड्याळ एकाच दिशेने हृदयाची रेघ टिपते आणि ते मुख्यतः अनियमित लय ओळखण्यासाठी बनवलेले असते. रुग्णालयातील ईसीजी बारा दिशांनी टिपतो, आणि क्यूटी मोजण्यासाठी तोच लागतो. लिथियमने काहींची नाडी मंदावते, त्यामुळे नाडी ५० च्या खाली वारंवार दिसू लागली, तर ती नोंद डॉक्टरांना अवश्य दाखवावी. घड्याळाचा एवढा उपयोग निश्चित आहे. ईसीजी औषध सुरू करण्यापूर्वी, मात्रा वाढवून औषधाची रक्तातील पातळी स्थिर झाल्यावर, आणि क्यूटी लांबवणारे दुसरे औषध जोडल्यावर काढावा. लिथियमसाठी रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या आधीच चालू असतील, त्याच रक्तात पोटॅशियमही पाहता येते.

तुमच्या कुटुंबात कोणाला तरुण वयात अचानक मृत्यू आला असेल, कोणी पोहताना वा दचकल्यावर बेशुद्ध पडले असेल, किंवा फिट समजून ज्याच्यावर वर्षानुवर्षे उपचार झाले असा कोणी असेल, तर ते विचारले नसतानाही डॉक्टरांना सांगावे, कारण क्यूटी जन्मतःच लांब असण्याचा विकार अशाच हकिकतींतून उघडकीला येतो. आणि गोळ्या चालू असताना तुम्हाला स्वतःला एकाएकी भोवळ येऊन पडायला झाले, तर घड्याळातली रेघ ठीक दिसत असली तरी त्याच दिवशी तातडीच्या विभागात जाऊन बारा दिशांचा ईसीजी काढून घ्यावा आणि जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.