‘लागला तर?’

“मॅडम, आमच्याकडं असलं काही नाहीच. न्यायचं कुठं?”

हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी माझ्या कानावर पडतं. मी समुपदेशक आहे; माझ्या खोलीत पडतं, लग्नाच्या पंगतीत पडतं, एकदा तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर स्कूटर चालू करता करता पडलं. विचारणारी बहुतेक वेळा आई नाहीतर बायको असते. घरात कुणीतरी बोलेनासं झालेलं असतं, कुणी पिऊ लागलेलं असतं, कुणी रात्र रात्र जागं असतं. बरीच वर्षं मला वाटायचं, हा पत्त्याचा प्रश्न आहे. पत्ता दिला की सुटला. मानसिक आजारावर मदत मिळेल अशा ठिकाणांची छापील यादीच टेबलावर ठेवली होती मी. त्या यादीवरचा माझा विश्वास एका बाईंनी उडवला. त्यांची ही हकीगत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. मी त्यांना वहिनी म्हणायचे, इथेही वहिनीच म्हणते.

वहिनी कोरेगाव तालुक्यातल्या. नवरात्र उलटल्यावर पहिल्यांदा आल्या, एकट्याच. चोवीस वर्षांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. तिसऱ्या वर्षाला सगळं सोडून घरी आला, त्याला आठ महिने झाले होते. दिवसा झोपायचा, रात्री खोलीत फेऱ्या मारायचा. अंघोळ सुटलेली. ताट दाराबाहेर ठेवायचं आणि तासाभरानं अर्धं उष्टं उचलायचं. खिडकीच्या दोन्ही काचांना त्यानं आतून वर्तमानपत्र चिकटवलं होतं. समोरच्या घरातली माणसं आपल्याबद्दलच बोलतात, असं तो म्हणायचा.

“आणि ती बोलतात का खरंच?”

“त्यांना धारा काढायच्या असत्यात मॅडम. त्यांना कुठला वेळ?”

नवऱ्याचं म्हणणं, नाटकं आहेत. सासऱ्यांचा देवऋषी करून झाला होता. देवऋषाच्या नावानं मी कुणावर डाफरत नाही. ज्या घराला दुसरं दार दिसत नाही ते घर जे दार उघडं आहे तिथे जातं.

बोलता बोलता त्यांनी मोबाइलचं मागचं कव्हर काढलं आणि चार घड्यांचा कागद माझ्यापुढे उलगडला. घडी पडून पडून मधोमध भोक पडलेलं. अकरा नंबर होते, निळ्या, काळ्या शाईत, एक पेन्सिलीनं. एक गावातल्या आशा सेविकेनं दिलेला, एक भाच्यानं, एक कुणाच्या तरी जावयानं. एक माझ्याच यादीतला होता, माझ्याकडे यायच्या आधीच त्यांच्यापर्यंत पोचलेला.

“यातल्या कुठं कुठं फोन केलात?”

“एकाबी नाही.”

“लागत नाहीत का?”

“लावलाच नाही.”

“का हो?”

त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली. एक, दोन, तीन. चौथ्या घडीला थांबल्या.

“लागला तर?”

मी त्या दिवशी पुढे फार काही बोलले नाही, आणि ते बरंच झालं. एरवी मी लगेच समजवायला घेते, तो माझा जुना दोष आहे. घरी जाताना डोक्यात ते दोनच शब्द. इतकी वर्षं मी लोकांना नंबर लागेल कसा ते सांगत होते. नंबर लागण्याचीच भीती वाटत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कव्हरमागे असतो तोवर तो नंबर आधार असतो. पलीकडून कुणी ‘बोला’ म्हणालं की आपल्याला एक वाक्य बोलावं लागतं, आणि ते वाक्य आपण स्वतःशीही बोललेलो नसतो.

ते वाक्य कोणतं, हे पुढच्या वेळी शोधायचं ठरवलं. मी ज्या शाळेत घडले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत. तिथे पहिलं काम हेच. माणसाला छळतं ते घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल मनात चाललेलं वाक्य जास्त, म्हणून ते वाक्य आधी पकडायचं.

“समजा, फोन लागला. मग काय होईल?”

“मग म्हणायला लागंल, माझ्या पोराला…” थांबल्या. “मग तो वेडा ठरंल.”

“कोण ठरवेल?”

“लोक.”

“लोकांना हा फोन ऐकू येणार आहे?”

“नाही.”

“डॉक्टर म्हणाले का तसं?”

“डॉक्टरकडं गेलोच कुठं?”

“मग आत्तापर्यंत त्याला वेडा कोण म्हणालंय, वहिनी?”

बराच वेळ गेला. खाली एसटीचा हॉर्न वाजत होता. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “मीच. रोज रातीला.”

रडल्या. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि गप्प बसले. लपवून काय करू, इतक्या वर्षांत अशा क्षणी गप्प बसायला मी शिकले, याचं मला थोडं कौतुक वाटतं.

हे वाक्य वहिनींचं एकटीचं नाही. आमच्या लहानपणी कुणी चक्रमपणा केला की ‘येरवड्याला पाठवा याला’ म्हणायचे; मुंबईकडे तेच ‘ठाण्याला’. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. त्यातल्या दोन गावांची नावं आपण शिवीसारखी वापरली, आणि आज पोराला बरं नाही म्हटल्यावर आईला दवाखान्याआधी ती शिवी आठवते. वास्तविक बहुतेकांना मनोरुग्णालयाची पायरीही चढावी लागत नाही. बाहेरच्या बाहेर तपासणी, गोळ्या, दर महिन्याला एक फेरी, एवढंच असतं.

‘असलं काही नाहीच’ या तक्रारीत तथ्य नाही असंही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ पासूनचा. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे वेगळं चित्र असेल असं समजायला मला तरी कारण दिसत नाही. डॉक्टर कमी आहेत, ओपीडी ठरावीक वारी असते, औषध कधी संपलेलं असतं. हे सगळं खरं. पण जे थोडं आहे त्याच्या दारापर्यंतही माणूस जात नाही, तेव्हा मला ‘लागला तर?’ आठवतं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी सगळ्या आया विचारतात तो प्रश्न विचारला. “तो तर यायला तयार नाही. मग कुणाला दाखवायचं?”

“तुम्ही आलात ना. तुम्हालाच दाखवू.”

त्यांना ती चेष्टा वाटली. पण मी हे सगळ्यांनाच सांगते आणि ठासून सांगते : घरातला जो यायला तयार आहे, त्यानं आधी यावं. आजारी माणूस तयार होईल, मग बघू, यात वर्षं जातात. आपल्याकडे आजार सोसणाऱ्याला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ असे छान शब्द रुळले आहेत. शुभंकरालाही पाय असतात, तेही दुखतात.

मग माझ्यासमोरच त्यांनी १४४१६ लावला. ही ‘टेली-मानस’ची, मनाच्या दुखण्यासाठी फोनवरून मदत करणारी सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची. फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठी निवडता येते. अंगठा तीनदा स्क्रीनवरून मागे आला. चौथ्यांदा दाबला. वहिनींनी एका दमात मुलाचं सगळं सांगितलं, खिडकीच्या वर्तमानपत्रासकट. पलीकडच्या मुलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही स्वतः शेवटचं सलग कधी झोपलात?”

वहिनी मोजायला लागल्या. “गौरी जेवल्या त्या रातीला… नाही, त्याच्या बी आधी.” मग माझ्याकडे बघून, फोन हातातच धरून म्हणाल्या, “हिनं मला विचारलं.”

दुसऱ्या आठवड्यात त्या एसटीच्या अर्ध्या तिकिटावर साताऱ्याला सिव्हिलमध्ये गेल्या. पेशंट बरोबर नाही म्हणून परत पाठवतील, ही धास्ती होती. तिथे त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. मुलाला न बघता औषध देता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं, आणि ते योग्यच. पण लक्षणं कशी नोंदवायची आणि त्याच्याशी बोलताना काय टाळायचं, ते समजावलं. ‘कुणी बोलत नाही रे तुझ्याबद्दल’ म्हणून हुज्जत घालायची नाही. ‘खरंच बोलतात’ म्हणून होकारही भरायचा नाही. ‘तुला भीती वाटत असणार,’ एवढंच म्हणायचं.

मधल्या काळात कुणीतरी त्यांना चहातून गोळी द्यायचा सल्ला दिला. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्यावर थोडं बोलते. देऊ नका. ज्या माणसाला आधीच वाटतंय की लोक आपल्याविरुद्ध काहीतरी करताहेत, त्याला चहाच्या गाळात गोळीची पूड दिसली की त्याची शंका खरी ठरते, आणि ती खरी करणारी आई असते. पुढे तो चहाही घेत नाही आणि गोळीही.

आम्ही दुसरी वाट धरली. “त्याची स्वतःची तक्रार काय आहे? तुमची नाही, त्याची.” वहिनी घरी गेल्या, आठवडाभर नुसतं ऐकत राहिल्या आणि येऊन म्हणाल्या, “झोप येत नाही, असं म्हणतो. डोकं शिणलंय म्हणतो.” हेच आमचं दार. त्याला खोटं सांगितलं नाही. ‘मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, झोपेचं बघतात, मीपण जाऊन आलेय,’ असं सांगितलं. ‘मीपण जाऊन आलेय’ हे पाच-सहा दिवस त्याच्या डोक्यात घोळत असावं. एका गुरुवारी सकाळी तो अंघोळ करून ओट्यावर येऊन बसला. वडिलांनी काही न बोलता मोटारसायकल काढली.

इथे माझी एक चूक कबूल करते. वहिनींच्या आधी काही वर्षं मी एका कुटुंबाला यादीतला वार सांगून पाठवलं होतं. वार बदललेला होता. चाळीस किलोमीटर येऊन ती माणसं बंद खिडकी बघून परत गेली आणि पुन्हा कधी आली नाहीत. तेव्हापासून मी आधी फोन करते आणि मगच पत्ता देते. तुम्हीही तसंच करा. जिल्हा रुग्णालयात विचारा : मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, केसपेपरची खिडकी किती वाजेपर्यंत, त्याच दिवशी गोळ्या मिळतात का, आणि आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांचं पथक येतं का, आलं तर कधी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. गावातल्या आशाताईंना विचारायला लाजू नका. त्यांना माझ्या यादीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

खाजगीत जायचं तर कुणाकडे जातोय ते समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. माझ्यासारख्या समुपदेशकानं आपली वेस ओळखावी. वहिनींच्या मुलाला मी बरं करू शकले नसते आणि तसं सांगायला मला कमीपणा वाटला नाही. भास, संशय, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण सुटलेलं, मरणाची भाषा, यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टर. मरणाचं बोलत असेल तर वाराची वाट बघू नका. एकटं सोडू नका, १०८ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात न्या. पोलीस केस होईल म्हणून लोक घाबरतात. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र ताणाखाली असलेला मानतो, गुन्हेगार नाही. त्याच कायद्यानं तुमच्या केसपेपरमधली गोष्ट गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे.

घरातलं दुखणं निराळं असेल तर दारही निराळं. दारूचं असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा बऱ्याच गावांत होतात. बायकांसाठी आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात, नवरा सोडत नसला तरी तिथे जाता येतं. मारहाण असेल तर त्याला ‘नवरा-बायकोचं समुपदेशन’ म्हणून माझ्याकडे आणू नका. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला, संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, पोलिसांकडच्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात जा. मार खाणाऱ्या बाईला ‘जुळवून घे’ सांगणं हे समुपदेशन नव्हे, याबाबत मी हट्टी आहे. मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्यांसाठी १४५६७.

वहिनींचा मुलगा आता दीड वर्ष गोळ्या घेतोय. मधे एकदा बरं वाटतंय म्हणून त्यानं स्वतःच बंद केल्या होत्या, पंधरा दिवसांत पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. असं होतं. इंजिनिअरिंग पुन्हा धरलेलं नाही, सकाळी वडिलांबरोबर दूध डेअरीला पोचवतो. खिडकीच्या एका काचेवरचा कागद त्यानं काढलाय, दुसऱ्या काचेचा तसाच आहे, आणि वहिनींनी त्याला हात लावलेला नाही. वहिनी मधे दोनदा पुण्याला भास-संशयाच्या आजारावर काम करणाऱ्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात जाऊन आल्या. तिथे पहिल्यांदा कुणीतरी त्यांना ‘आमच्याकडे पण पेपर लावला होता’ म्हणालं.

मागच्या महिन्यात त्या काही काम नसताना आल्या. टेबलावरच्या यादीतला एक कागद ओढून घेतला, म्हणाल्या, शेजारच्या वाडीतल्या एका बाईला द्यायचाय. मी सवयीनं फोन उचलला, सिव्हिलचा वार विचारून घ्यावा म्हणून.

“ऱ्हाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या. “मी सकाळीच लावला होता. गुरुवारच हाय.”