पायथॉन: रीड() नंतरचा फॉर लूप रिकामा का जातो?

लूप रिकामा जातो, पण एररही का येत नाही, असं तुम्ही विचारलंत. एरर येत नाही, कारण पायथॉनच्या दृष्टीने सगळं ठीकच चाललंय. तुम्ही आधी रीड() करून गावांची यादी प्रिंट केलीत आणि मग त्याच फाइलवर फॉर लूप लावलात. तो एकदाही फिरणार नाही.

ओपन() मजकूर देत नाही, फाइल ऑब्जेक्ट देतं. वाचन कुठवर आलंय हे तो लक्षात ठेवतो, पोथी वाचताना ओळीवर बोट ठेवावं तसं. रीड() ने ते बोट पार शेवटी नेलं. आता पुन्हा रीड() केलंत तर रिकामी स्ट्रिंग मिळेल, लूपला एकही ओळ मिळणार नाही. सीक(0) केलं की बोट परत सुरुवातीला. पण इथे त्याची गरजच नाही. रीड() काढा आणि थेट फाइलवर लूप फिरवा. एका वेळी एकच ओळ हातात येते, त्यामुळे फाइल कितीही जीबीची असली तरी मेमरी भरत नाही. ओपन() मात्र विथ लावूनच करा. मध्येच एरर आली तरी फाइल बंद होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: विंडोजवर 'सातारा'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि 'पुणे' आलं की युनिकोडडीकोडएरर. हा घोळ एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची त्या पद्धतीचा. तुमची फाइल यूटीएफ-8 या पद्धतीत आहे आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर पायथॉन फाइल सीपी1252 (विंडोजचा जुना, युरोपीय अक्षरांचा तक्ता) समजून उघडतो आणि प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर करतो. 'सातारा'तल्या सगळ्या बाइटना त्या तक्त्यात काही ना काही अक्षर आहे, म्हणून नुसता कचरा दिसतो. 'पु'च्या उकारातल्या 81 (हेक्समध्ये) या बाइटला तिथे जागाच नाही, म्हणून एरर. पाय मोडलेल्या अक्षरांचंही तेच, म्हणजे 'कोल्हापूर'ही अडकणार. ओपन() मध्ये एन्कोडिंग='यूटीएफ-8' लिहा, दोन्ही मिटेल. पायथॉन 3.15 पासून हेच डीफॉल्ट ठरलंय, तरी लिहायची सवय ठेवा. तुमचा कोड जुन्या पायथॉनवरही चालेल.

आणखी एक, कारण लूप चालू झाल्यावर हेच विचारायला याल. ओळ 'पुणे'शी जुळवून पाहाल तर जुळणार नाही, कारण ओळीच्या शेवटी न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची न दिसणारी खूण, चिकटलेली असते. ती काढायला आधी आरस्ट्रिप() करा. 'पुणे' फाइलच्या अगदी शेवटी असेल आणि पुढे एंटर मारलेला नसेल, तर मात्र तसंच जुळेल. मग शोधत बसाल की एकच का चालतंय.