ॲक्सलचा बोल्ट जास्त आवळल्याने तुटून आत अडकलाय, हब बदलावा लागेल का?

दादा, हब बदलायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की पिकअपच्या मागच्या चाकातून ऑइल झिरपत होतं, म्हणून ॲक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजचे, म्हणजे टोकाच्या चकतीचे बोल्ट पान्याला पाइप घालून आवळले, एक तुटला, तुकडा हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात) राहिला आणि गॅरेजवाला आता नवीन हब सांगतोय. हाच उद्योग मी केलाय. तोही रात्री, नारायणगावात, गाडी टोमॅटोच्या क्रेटनी भरलेली आणि पहाटे वाशी गाठायची असताना.

गंजून जाम झालेला बोल्ट सोडवताना तुटणं वेगळं आणि चांगला बोल्ट आवळताना तुटणं वेगळं. गंजलेला बोल्ट आट्यांना चिकटलेला असतो. आवळून तुटलेल्याला घट्ट धरलेलं असतं ते डोक्याच्या ओढीने. डोकं गेलं की ओढ संपली. आत उरलेला तुकडा बऱ्याचदा मोकळाच असतो, फक्त धरायला जागा नसते. माझा तर पोती शिवायच्या दाभणाने निघाला! दाभणाचं टोक तुटलेल्या खडबडीत तोंडावर कडेला टेकवलं, उलट्या दिशेने हलकंसं ढोसलं, आणि तुकडा सरकला. दोन-तीन आटे बाहेर आल्यावर चिमटा पक्कडने धरून काढला. त्याआधी पाऊण तास मी वेल्डिंगवाल्याला फोन करण्यात घालवला होता, ही गोष्ट वेगळी.

पण हे करण्याआधी गाडीचा ॲक्सल कुठल्या जातीचा आहे ते बघा. चाकाच्या मधोमध गोल फ्लँज आणि तिच्याभोवती बोल्टचं कडं दिसत असेल तर तो फुल फ्लोटिंग. त्यात वजन हबच्या बेअरिंगवर असतं, शाफ्ट म्हणजे आतला दांडा फक्त चाक फिरवतो, म्हणून चाक न काढताही शाफ्ट बाहेर ओढता येतो. ज्या गाडीत चाक शाफ्टवरच बसतं तिथे हा प्रयोग घरी नको.

शाफ्ट काढताना ती बाजू जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, म्हणजे ऑइल दुसऱ्या बाजूला जातं. आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावाच. गाडी गिअरमध्ये आहे या भरवशावर राहू नका. एक शाफ्ट काढला की डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी) मोकळा फिरतो आणि गिअर गाडीला धरत नाही.

दाभणाने हलला नाही तर बोल्ट खाली भोकाच्या बुडाला टेकलाय किंवा आटे चिरडलेत. मग तुकड्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंच (ड्रिलसाठी खूण पाडायचा टोकदार खिळा) मारा. इथे घाई केली की ड्रिल कडेला सरकतं, हबचे आटे खातं, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं. उलट्या फिरणारं, म्हणजे डाव्या हाताचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा. बऱ्याचदा भोक पाडता पाडताच तुकडा फिरून वर येतो. तोंड पृष्ठभागाला लागून असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणं हा दुसरा मार्ग. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, ऑइल नीट पुसा आणि अर्थिंगचा चिमटा हबलाच लावा. चॅसीला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला टोचे पडतात. इझी-आउटवर, म्हणजे तुकड्यात भोक पाडून घालायच्या उलट्या आट्यांच्या खुंटीवर, माझा राग आहे. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं की साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही.

आता तुटला का, ते. १० मिमीचा, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) लिहिलेला बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळतात. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की तेवढं होतं. पाऊण मीटरचा पाइप घातला की त्याच जोरात तिप्पट, दीडशेच्या घरात. तुटणारच. त्यात आटे ऑइलने ओले असले तर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच आवळणीत बोल्टवर ताण जास्त येतो. तुटायच्या आधी पाना एकदम हलका लागला असेल बघा, लोण्यात फिरल्यासारखा. मलाही लागला होता, मी समजलो आणखी अर्धा फेरा बसतोय. तो बोल्ट ताणला जात होता.

म्हणूनच फक्त तुटलेला बदलून भागत नाही. बाकीचेही त्याच पाइपने आवळलेत ना? ते ताणले गेलेत. एखादा नव्या बोल्टशेजारी धरून बघा, आट्यांमधलं अंतर कुठेतरी वाढलेलं दिसेल. सगळे नवीन घ्या, डोक्यावर जुन्यासारखाच आकडा हवा; बिनआकड्याचे हार्डवेअरच्या दुकानातले नकोत. भोकं पेट्रोलने पुसून कोरडी करा, समोरासमोरचे बोल्ट घेत दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) बसवा. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या, माझा नको.

आणि ऑइल झिरपत होतं ते बोल्ट सैल म्हणूनच असेल असं नाही. माझ्या गाडीत फ्लँजखालचं गॅस्केट (सांध्यातलं पातळ पॅकिंग) फाटलं होतं, आवळून आवळून मीच ते आणखी चिरडलं. ब्रेकचा ड्रम उघडून आतले लायनर ऑइलने ओले झालेत का तेही बघून घ्या. माझे झाले होते, आणि ते बदलेपर्यंत टोमॅटो दुसऱ्याच्या गाडीतून वाशीला गेले.