मॅडम, मला रेट लॉ दिसतच नाही

"रिअ‍ॅक्शन समोर असते, बॅलन्स पण केलेली असते, तरी माझी ऑर्डर चुकतेच, म्हणजे माझं डोकं सायन्सचं नाहीच ना?" हा प्रश्न घेऊन मुलं येतात आणि बहुतेक वेळा केमिकल कायनेटिक्सचा, म्हणजे रिअ‍ॅक्शनच्या वेगाचा, धडा सुरू झाला की येतात. त्यात रेट लॉ असतो, म्हणजे पदार्थांच्या कॉन्सन्ट्रेशनवरून (ते किती दाट आहेत त्यावरून) वेग सांगणारं सूत्र, आणि त्यात कॉन्सन्ट्रेशनच्या डोक्यावर जो घातांक चढतो ती त्या पदार्थाची ऑर्डर. समुपदेशनात येण्याआधी मी काही वर्षं केमिस्ट्री शिकवायचे, त्यामुळे असं कुणी आलं की मी आधी वही मागते, मन-बिन नंतर.

हा मुलगा सतरा वर्षांचा. आईने फोनवर सांगितलं की तोपर्यंत चांगले मार्क होते, आता महिनाभर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडत नाही, लाइनच बदलतो म्हणतो. वही उघडली तर एका पानावर खोडरबराने खोडून खोडून कागद फाटलेला. गणित होतं नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजनचं. समीकरणात दोघांच्याही आधी २ आहे, म्हणून याने रेट लॉमध्ये दोघांच्याही कॉन्सन्ट्रेशनचा वर्ग केलेला. उत्तर चूक, मग खोडलं, परत तेच लिहिलं, परत खोडलं.

मी विचारलं, "हे २ तू कुठून आणलेस?" तर म्हणाला, "समीकरणातून, इक्विलिब्रियमला असंच करतात ना."

आता इथे मला खरंच वाईट वाटलं, कारण पोरगं बरोबर बोलत होतं. इक्विलिब्रियम कॉन्स्टंट, म्हणजे रिअ‍ॅक्शन दोन्ही दिशांनी सारख्या वेगाने चालू लागली की पदार्थांचं प्रमाण सांगणारा आकडा, तो लिहिताना समीकरणातले आकडेच घातांक होतात, तो नियम त्याने मन लावून शिकला होता, आणि मग पुढे रेट लॉ आला, दिसायला अगदी तसाच, तेच चौकोनी कंस, तोच के, तेच वर चढवलेले आकडे. चांगला शिकलेला नियम चुकीच्या दारात गेला एवढंच झालं होतं. याला बुद्धी कमी असणं म्हणत नाहीत, आणि हे त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

मग समीकरणावर मी हात ठेवला, झाकूनच टाकलं, आणि म्हटलं आता फक्त प्रयोगात मोजलेल्या आकड्यांचं टेबल बघ. हायड्रोजनचं कॉन्सन्ट्रेशन ०.१० वरच ठेवलंय, नायट्रिक ऑक्साइड ०.१० वरून ०.२० केला, वेग ०.००१२ वरून ०.००४८. किती पट? "चार." म्हणजे दुप्पट केल्यावर चौपट, दोनाचा वर्ग. आता नायट्रिक ऑक्साइड ०.१० वर परत आणला आणि हायड्रोजन दुप्पट केला, वेग ०.००२४. "दुप्पट... म्हणजे हायड्रोजनची ऑर्डर एकच?" हो, एकच, एकूण तीन. त्याने माझा हात बाजूला करून समीकरणातला तो २ परत एकदा बघितला.

"मग हे बघून कळतं कसं?"

"कळत नाही. मोजावं लागतं."

"कुणालाच नाही?"

कुणालाच नाही. १८५० मध्ये विल्हेल्मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात अ‍ॅसिड घालून साखर किती वेगाने तुटते ते तपासलं, तेव्हा तोसुद्धा द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती फिरते ते मोजत बसला होता आणि मगच म्हणाला की उरलेल्या साखरेच्या प्रमाणात वेग असतो. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं बाकीच्यांना दिसतं, मलाच दिसत नाही." महिनाभराचं ओझं ते हेच.

दुसऱ्या वेळी आला तो भांडायलाच. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडची रिअ‍ॅक्शन, साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या खाली कार्बन मोनॉक्साइडची ऑर्डर शून्य, "रिअ‍ॅक्शनमध्ये आहे तरी मोजत नाही, हे कसं?" मला इतका आनंद झाला ना, कारण घाबरलेलं मूल असं विचारत नाही. सांगितलं, रिअ‍ॅक्शन एका दमात होत नाही, आधी नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू आपटतात आणि ती पायरी हळू आहे, कार्बन मोनॉक्साइड पुढच्या झटपट पायरीत येतो. दोन दारं आहेत आणि पहिलं अरुंद आहे, तर दुसऱ्या दाराशी कितीही जण उभे केले तरी गर्दी लवकर सरणार नाही. हां, अशा एकेका पायरीसाठी मात्र त्या पायरीच्या समीकरणातले आकडेच घातांक होतात, म्हणजे त्याचा जुना नियम अगदीच वाया गेला नव्हता, हे ऐकून तो जरा हसला.

लाइन बदलायचं नंतर निघालंच नाही. परीक्षेआधी एकदा फोन आला, थोडा घाबरलेला, अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या विघटनाचं गणित. "मॅडम, कॉन्सन्ट्रेशन ४ पट केलं तर वेग ८ पट होतोय, ऑर्डर दीड येतेय, दीड कशी असेल?"

"टेबल काय म्हणतंय?"

"दीडच म्हणतंय."

"मग दीड लिही."