दंडावरची चरबीची गाठ हळदीच्या लेपाने विरघळते का?

नाही, विरघळत नाही. पण ती चरबीचीच असेल तर विरघळवण्याची घाईही नसते. आधी ती चरबीचीच आहे ना, हे मात्र कळायला हवं.

तुम्ही लिहिलंय की दंडावर लिंबाएवढी मऊ गाठ आहे, दुखत नाही, तीन वर्षांत किंचित वाढली. पलूसमध्ये कोणी हळद-चुना लावायला सांगतंय, कोणी व्हिनेगर, आणि तुम्हाला ऑपरेशन नको आहे. मी मिरजेत सर्जरीच्या ओपीडीत नर्स होते. अशा गाठी घेऊन येणारी माणसं सतत बघितली, त्यामुळे तुमची भीती मला कळते.

तुम्ही वर्णन केलंय तशी गाठ बहुतेक वेळा लायपोमा असते. कातडीखाली चरबीच्या पेशी एका पातळ पिशवीत वाढत जातात. बोटाने दाबली की ती सटकते. चाळिशी ते साठीत जास्त दिसते, काही घरांत आई-वडिलांकडून मुलांकडे येते आणि मग अंगावर बऱ्याच गाठी असतात. बारीक माणसालाही होते. वजन कमी केल्याने ती जात नाही, उलट आजूबाजूची चरबी उतरली की जास्त उठून दिसते. चालणं, तेलकट कमी खाणं तब्येतीसाठी जरूर करा, फक्त गाठीचा हिशोब त्यात धरू नका. जवस, लिंबूपाणी यांचंही तसंच.

हळदीबद्दल आपल्याकडे कोणी वाकडं बोललेलं खपत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही तिचा अभिमान आहे. पण लेपातली हळद कातडी ओलांडून त्या पिशवीच्या आत पोचत नाही. नुसत्या हळदीने फार तर कातडी पिवळी होईल. चुन्याने ती सोलवटते, व्हिनेगर रात्रभर बांधून ठेवलं तर भाजते. सगळ्यात वाईट बिब्बा. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात, जखम चिघळते, आणि गाठ खाली जशीच्या तशी. मग आधी जखम भरायची वाट बघावी लागते. कृपा करून बिब्बा, डाग देणं, दाभणाने टोचणं, रगडून मालिश यातलं काहीही करू देऊ नका, सांगणारं माणूस घरातलं मोठं असलं तरी.

कांचनार गुग्गुळ हे आयुर्वेदिक औषध पुष्कळ जण घेतात. त्याने लायपोमा गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही. घ्यायचाच असेल तर नोंदणीकृत वैद्यांना गाठ दाखवून घ्या, बिननावाच्या पुड्या नकोत. आणि आयुर्वेदाचंच म्हणाल, तर सुश्रुतसंहितेत मेदाच्या ग्रंथीसाठी शस्त्रकर्म सांगितलेलं आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ‘चरबीची गाठ’ हे निदान बऱ्याचदा घरातच होतं. मानेतली गाठ टीबीची निघू शकते, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात फुकट औषध आहे. जांघेतला फुगवटा खोकल्यावर मोठा होत असेल तर तो हर्निया असू शकतो. मधोमध काळा ठिपका असलेली गाठ वेगळ्या जातीची असते, तिच्यात पू होतो. स्तनातली कुठलीही गाठ लेप लावत घरी ठेवायची नाही. तसंच गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल, भराभर वाढत असेल, कडक किंवा खोलवर चिकटलेली वाटत असेल, दुखत असेल, किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर त्याच आठवड्यात सर्जनकडे जा. चरबीच्या पेशींचा कॅन्सर विरळा असतो, पण असतो.

तुमचं वर्णन यात बसत नाही, तरी तीन वर्षांत वाढलीय म्हणून एकदा दाखवाच. सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेचं आहे, पलूसहून दोन्ही एका दिवसात होतं. डॉक्टर हाताने तपासतील, शंका असेल तर सोनोग्राफी किंवा सुईची तपासणी सांगतील. लायपोमाच ठरला आणि त्रास नसेल तर तसाच ठेवायचा. दर दोन-तीन महिन्यांनी टेपने मोजा, तारीख घालून मोबाइलवर फोटो काढा. औषध न घेता करायचा उपाय एवढाच, आणि तो पुरतो.

कपड्याला घासते, नस दाबली जाते किंवा नुसती बघवत नाही, यातल्या कशासाठीही काढून घेता येते. एवढ्या गाठीला सहसा तेवढीच जागा बधिर करतात, पूर्ण भूल लागत नाही. इंजेक्शन टोचताना चुरचुरतं, नंतर ओढल्यासारखं वाटतं. त्याच दिवशी घरी जाता येतं, टाके साधारण आठ-दहा दिवसांनी निघतात. पिशवीसकट निघाली तर तिथे पुन्हा सहसा येत नाही, बारीक वण मात्र राहतो. काढलेली गाठ तपासणीला पाठवणार आहात ना, हे आधीच विचारा, आणि तिचा रिपोर्ट टाके काढायला जाल तेव्हा मागून घ्या. टाके निघाले की बरेच जण तो न घेताच घरी जातात.