‘छू’ शिकवलं, ‘थांब’ राहिलं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही दारव्हा तालुक्यातले. रोही-डुकरांचा त्रास फार, म्हणून वावरात कुत्रा ठेवला. वाघ्या जागलीला पक्का आहे. पण पांदणीनं गाडी गेली की मागे सुटतो. परवा सायकलवरच्या शाळकरी पोरीच्या पोटरीला त्याचा दात लागला. बांधला तर आणखीच चवताळतो. जनावराच्या स्वभावाला आम्ही काय करणार?

उत्तर : भाऊ, पत्र वाचल्याबरोबर तुम्हाला फोन केला तो त्या पोरीसाठी. इथं सगळ्यांसाठी पुन्हा सांगतो. नुसता ओरखडा असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवा.

आता स्वभावाचं. डुक्कर दिसलं की आपण ‘छू’ म्हणतो, सुटला की पाठ थोपटतो. म्हणजे धावायला आपणच शिकवलं. थांबायला कुणी शिकवलं?

आमच्या घरचा मोती असाच. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. मीच ‘छू’ म्हटलं आणि त्यानं कापूस वेचायला आलेल्या एका काकूच्या पोटरीचा लचका तोडला. ती मटकन खाली बसली, ओटीतला पांढरा कापूस तिनं जखमेवर दाबला आणि तो बघता बघता लाल झाला. तेव्हा बेंबीभोवती १४ इंजेक्शनं घ्यावी लागत. ऐन वेचणीत तिची मजुरी बुडाली. दवाखान्याचे पैसे वडिलांनी दिले, पण माफी आमच्यापैकी कुणी मागितली नाही. ते मला आजही सलतं.

वाघ्याच्या पट्ट्याला लांब कासरा बांधा. पन्नास पावलांवर मोटारसायकल नुसती सुरू करून ठेवायला सांगा. त्याचे कान ताठ झाले की ‘थांब’ म्हणा. त्यानं तुमच्याकडे मान वळवली की तत्क्षणी भाकरीचा तुकडा द्या. उशीर झाला तर तुकडा कशाचा हे त्याला कळत नाही. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. जमलं की गाडी हळू चालवायला लावा, मग जवळून. घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. तुम्ही ‘थांब’, पोरगा ‘हट’, वहिनी ‘बस’ म्हणाल्या तर तो गोंधळेल. परत आल्यावर काठी मारू नका, नाहीतर तुमच्याजवळ येणंच तो सोडेल. हे पक्कं होईपर्यंत शाळेच्या वेळात तो मोकळा नको.

दिवसरात्र साखळीला ठेवणं हाही उपाय नाही. फिरवलं नाही तर तो चिडतोच, आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यानं ती क्रूरता आहे. उलट निष्काळजीपणानं मोकळा सोडून कुणाच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि १० दिवस सरले, वाघ्या धडधाकट असला, की त्याला रेबीजची लस टोचून आणा. मग दरवर्षी.

जखम भरली की पोरीचा शेवटचा डोस राहून जातो. तिच्या बापाला तारीख विचारा आणि त्या दिवशी तुमच्याच गाडीवर तिला दवाखान्यात न्या.