कोकणात दापोलीजवळच्या आंजर्ल्यात पहिल्यांदाच कुणाच्या घरगुती मुक्कामाला जाताय?

रोख पैसे आणि औषधं दापोलीतूनच घेऊन निघा. गावातल्या दुकानात साबण-बिस्किटं मिळतील, तुमची नेहमीची गोळी मिळेलच असं नाही. जेवण घरगुती असतं, त्यामुळे मासे हवेत की शाकाहारी, उकडीचे मोदक हवेत का, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐनवेळी मागितलंत तर पिठलं-भात! (तोही काही वाईट नसतो म्हणा.) कड्यावरच्या गणपतीला ऊन चढायच्या आत जा, तिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. संध्याकाळ मात्र हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावासाठी राखा आणि चपला जुन्याच घाला. मार्चच्या आसपास गेलात तर कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसू शकतात, पण अमुक दिवशी दिसतीलच अशी खात्री कुणी देत नाही. आणि भरती-ओहोटीची वेळ घरमालकाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.